चंद्राच्या कला: चेंडू-दिव्याच्या प्रयोगात पौर्णिमेलाच अंधार का पडतो?

खडू_फळा

मुलांना चंद्राच्या कला समजावून सांगायच्या आहेत. बल्ब म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, हा नेहमीचा प्रयोग करून पाहिला. कोर दिसते, अर्धा चंद्रही दिसतो. पण बल्बकडे पाठ करून चेंडू समोर धरला की त्यावर डोक्याची सावली पडते आणि पौर्णिमेच्या जागी चेंडू काळा होतो. त्यामुळे "पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो" ही जी समजूत काढून टाकायची होती तीच मुलांच्या डोक्यात पक्की बसते.

प्रयोगात नेमकं काय चुकतंय? पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत असतात म्हणायचं, तर मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न लगेच येतो. आणि सावलीची समजूत खोटी आहे हे आकाशाकडे बोट दाखवून सिद्ध करता येईल असं काही आहे का? पुस्तकातल्या आठ चंद्रांच्या आकृतीवर मुलांचा विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पातबिंदू

चूक मापात आहे. हात सरळ केला की चेंडू डोळ्यांपासून साधारण 60 सेंमीवर असतो. डोकं ढोबळमानाने 20 सेंमी धरलं, तर "पृथ्वी"च्या व्यासाच्या जेमतेम तिप्पट अंतरावर "चंद्र" आला. खरा चंद्र सरासरी 3,84,400 किमी दूर आहे आणि पृथ्वीचा व्यास 12,742 किमी, म्हणजे तिप्पट नव्हे, तीसपट. तुमचा चंद्र दहा पटींनी जवळ आला आहे, मग तो सावलीत सापडणारच.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हे दाखवायला एक वेगळी मांडणी करा. 1 सेंमी म्हणजे 1,000 किमी असं प्रमाण घ्या. पृथ्वी 12.7 सेंमीचा चेंडू, चंद्र 3.5 सेंमीचा गोळा, दोघांमध्ये 3 मीटर 84 सेंमी दोरी. (याच प्रमाणात सूर्य सुमारे 14 मीटर व्यासाचा होतो आणि दीड किलोमीटर दूर जातो. तो वर्गात आणायचा नाही, पण मुलांना जरूर सांगा.) चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5.1 अंशांनी कललेली आहे. तुमच्या दोरीच्या टोकाला हा कल म्हणजे 34 सेंमी वर किंवा खाली. आणि पृथ्वीची गडद सावली त्या अंतरावर फक्त 9 सेंमी रुंद उरते. भिंतीवर 9 सेंमीचं वर्तुळ काढा, त्याच्या मध्यापासून 34 सेंमी वर चंद्राचा गोळा चिकटवा. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून का निसटतो हे मुलांना तिथेच दिसेल. कक्षा जिथे पृथ्वीच्या पातळीला छेदते ते दोन पातबिंदू, म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा यांपैकी एकाच्या आसपास घडली तरच चंद्रग्रहण. तशी संधी साधारण 173 दिवसांनी येते.

आता कलांच्या प्रयोगाची दुरुस्ती.

बल्ब बिनशेडचा, डोळ्यांच्या उंचीवर. टॉर्च नको, तिचा झोत अरुंद असतो आणि मूल गोल फिरताना चेंडू झोताबाहेर जातो. एलईडी बल्ब बुडाच्या बाजूला प्रकाश देत नाही, म्हणून त्याचं तोंड मुलांकडे ठेवा. चेंडू 5 ते 8 सेंमीचा, खरखरीत आणि पांढरा. थर्माकोलचा गोळा पेन्सिलीवर खोचला की काम भागतं. चकचकीत प्लॅस्टिकचा नको, त्यावर बल्बचा एकच झगझगीत ठिपका दिसतो आणि उजेड-अंधाराची सीमा नीट उमटत नाही. भिंती पांढऱ्या असतील तर खोलीच्या मधोमध उभं राहा, नाहीतर भिंतींवरून परतलेला उजेड चेंडूची काळी बाजू राखाडी करतो.

मूल बल्बपासून 2 ते 3 मीटरवर. हात ताठ. बल्बकडे तोंड असताना चेंडू बल्बच्या किंचित खाली धरायचा: ही अमावास्या. मग जागेवरच डावीकडे वळत जायचं आणि वळताना हात हळूहळू वर न्यायचा, म्हणजे पाठ बल्बकडे होईल तेव्हा चेंडू डोक्याच्या माथ्यापेक्षा 10-15 सेंमी वर आलेला असेल. सावली चेंडूच्या खालून निघून जाते आणि पूर्ण उजळलेला चेंडू दिसतो. पुढे वळत राहिलं की हात पुन्हा खाली. इथे कक्षेचा कल खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा झाला आहे, कारण चंद्र जवळ आला आहे. हे मुलांना स्पष्ट सांगावं. उजवीकडे वळू देऊ नका, चंद्र ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. उलट वळलं तर वद्य पक्ष आधी येतो.

दर अष्टमांश वळणावर थांबा आणि दुसऱ्या एका मुलाला बल्बच्या मागे, अगदी जवळ उभं करा. त्याला विचारा, चेंडू किती उजळलेला दिसतो? त्याचं उत्तर प्रत्येक वेळी "पूर्ण" असंच येईल. चेंडू तोच, प्रकाश तोच, अर्धा भाग सदैव उजळलेला. बदलतो तो फक्त बघणाऱ्याचा कोन. सगळ्या प्रयोगात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते.

एक गोष्ट चाणाक्ष मुलाच्या लक्षात येईल. चेंडू बरोबर अर्धा दिसतो तेव्हा बल्ब आणि चेंडू यांच्यातला कोन 90 अंश नसतो, कमी असतो. बल्ब 2 मीटरवर आणि चेंडू 60 सेंमीवर असेल तर तो सुमारे 72 अंश भरतो. ही चूक नाही. अर्धा चंद्र दिसतो तेव्हा काटकोन चंद्रापाशी असतो, आपल्यापाशी नाही. सूर्य जितका दूर, तितका आपल्यापाशचा कोन 90 च्या जवळ जातो. सामोसच्या ॲरिस्टार्कसने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात हाच कोन 87 अंश धरून सूर्य चंद्राच्या सुमारे 19 पट दूर आहे असं काढलं होतं. खरा कोन सुमारे 89.85 अंश आणि खरं अंतर जवळजवळ 390 पट. पद्धत निर्दोष होती. मात्र इतका बारीक फरक नुसत्या डोळ्यांनी मोजणं शक्य नव्हतं.

तिसरा_प्रहर

आकाशात दाखवता येण्यासारखे पुरावे तीन आहेत, आणि तिन्हींना दुर्बीण लागत नाही.

पहिला, शुद्ध अष्टमीची संध्याकाळ. सूर्य मावळत असतो पश्चिमेला आणि चंद्र डोक्यावर किंवा डोक्याच्या आसपास. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते, म्हणजे त्या क्षणी ती पूर्व क्षितिजावर आहे. चंद्र तिच्यापासून 90 अंश दूर. मग अर्धा चंद्र कुणी झाकला? चंद्राची अंधारी बाजू म्हणजे फक्त त्याची रात्र.

दुसरा पुरावा आकाराचा. शुद्ध एकादशी-द्वादशीचा चंद्र पाहा. उजेड-अंधाराची सीमा अंधाराच्या बाजूला फुगलेली असते. पृथ्वीची सावली गोल आहे आणि चंद्राच्या अडीचपटीहून मोठी आहे. तिची कड उजळ भागात आत घुसते, बाहेर फुगू शकत नाही. सावलीने असा चंद्र बनवणं अशक्यच. कोरीचंही तसंच. कलेतल्या कोरीची दोन टोकं नेहमी चंद्राच्या व्यासाच्या दोन टोकांवर, समोरासमोर असतात, मग कोर कितीही बारीक असो. खंडग्रास चंद्रग्रहणात उरलेल्या उजळ भागाची टोकं अशी समोरासमोर असतीलच असं नाही. ग्रहणाचा आणि कोरीचा फोटो शेजारी ठेवून, पट्टी लावून मुलांना टोकं जोडायला सांगा.

तिसरा मला सर्वांत आवडणारा. दिवसा चंद्र आणि सूर्य दोन्ही वर असतील अशी वेळ निवडा: शुद्ध अष्टमीच्या आसपास दुपारी चार-साडेचारला, किंवा वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी आठ-नऊला. उघड्या उन्हात उभं राहून तोच थर्माकोलचा गोळा हाताने चंद्राच्या अगदी शेजारी येईल असा धरा. गोळ्यावर हुबेहूब तीच कला दिसते, तोच कल, तेवढाच उजळ भाग. सूर्य इतका दूर आहे की गोळ्यावर आणि चंद्रावर येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, आणि आपण दोन्हींकडे एकाच दिशेने बघतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात चंद्राच्या उजळ-काळ्या अर्ध्या भागांसाठी उन्हात ठेवलेल्या घटाचा दाखला दिला आहे. हा प्रयोग म्हणजे तोच घट चंद्राशेजारी नेऊन ठेवणं.

खबरदारी: चंद्र सूर्यापासून 60 अंशांपेक्षा जवळ असेल त्या दिवशी हा प्रयोग करू नका, मुलांची नजर सूर्याकडे जाऊ शकते. ढगाळ दिवशी तो जमत नाही, कारण प्रकाश सगळीकडून येतो आणि गोळ्यावर सीमा उमटत नाही. गोळा झाडाच्या किंवा स्वतःच्या सावलीत आला तरी तेच.

खडू_फळा

उन्हातल्या गोळ्याचा प्रयोग नक्की करणार. आणखी दोन शंका. शुद्ध पक्षात उजवी बाजू उजळते असं शिकवतात, पण कधी कोर उभी दिसते, कधी दोन्ही टोकं आकाशाकडे करून आडवी. आणि "रोज एक कला वाढते" हे हिशेबाने खरं आहे का? चतुर्दशीचा आणि पौर्णिमेचा चंद्र मुलांना वेगळा ओळखता येत नाही.

शर

उजवी-डावी शिकवू नका, पश्चिम-पूर्व शिकवा. शुद्ध पक्षात चंद्राची पश्चिमेकडची कड उजळ, वद्य पक्षात पूर्वेकडची. हे पृथ्वीवर कुठूनही खरं आहे. उत्तर गोलार्धात वरच्या अक्षांशांवर चंद्र नेहमी दक्षिणेकडे दिसतो, त्याच्याकडे तोंड केलं की पश्चिम उजव्या हाताला येते. "उजवी" हा नियम तिथला. दक्षिण गोलार्धात चंद्र उत्तरेकडे, म्हणून शुद्ध पक्षात डावी बाजू उजळ. उष्ण कटिबंधात चंद्र महिन्यातून काही दिवस डोक्याच्या उत्तरेकडून आणि काही दिवस दक्षिणेकडून जाऊ शकतो, तिथे उजवी-डावी हे शब्द निरुपयोगी आहेत.

एकाच रात्रीत चंद्र फिरलेलाही दिसतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो तेव्हा त्याची उजळ पश्चिम बाजू वर असते, मध्यरात्री मावळताना तीच खाली, क्षितिजाकडे. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जाल तितका हा फेर मोठा.

कोर उभी की आडवी, हे आयनिकवृत्त, म्हणजे सूर्याचा ताऱ्यांमधला वार्षिक मार्ग, क्षितिजाशी किती कोन करतं यावर ठरतं. कोरीची फुगीर बाजू सूर्याकडे असते आणि सूर्य नुकताच मावळलेला. आयनिकवृत्त क्षितिजाला जवळजवळ लंब असेल तर सूर्य चंद्राच्या सरळ खाली असतो आणि कोर आडवी होते. ते तिरकं असेल तर सूर्य खाली आणि एका बाजूला, म्हणून कोर कललेली. साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर मार्चच्या संध्याकाळी हा कोन 90 च्या आसपास असतो, सप्टेंबरमध्ये 50 च्या जवळपास. याशिवाय चंद्र स्वतः आयनिकवृत्तापासून 5 अंशांपर्यंत सरकलेला असतो, त्याचाही थोडा परिणाम होतो. पहाटेच्या वद्य कोरीसाठी महिने उलटे घ्या.

"चंद्र रोज 50 मिनिटं उशिरा उगवतो" हेही सरासरीनेच खरं आहे. त्याच कोनामुळे हा उशीर कधी बराच कमी, कधी तासाच्या वर जातो. मुलांना निरीक्षणाची वही करायला लावणार असाल तर त्यांच्या नोंदी 50 शी जुळल्या नाहीत म्हणून खोडू नका.

पातबिंदू

कलेच्या हिशेबाबद्दल. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे जाण्याचा काळ. चंद्राचा वेग बदलता असल्याने ती सुमारे 20 तासांपासून 26 तासांहून थोड्या अधिक काळापर्यंत कितीही भरते. कोन समान वाढतो, पण उजळ भाग समान वाढत नाही. सूत्र सोपं आहे: 1 मधून त्या कोनाची कोसाइन वजा करा आणि 2 ने भागा. प्रतिपदेच्या अखेरीस, 12 अंशांवर, उत्तर येतं 1 टक्का. पंचमी संपताना 60 अंश, 25 टक्के. दशमी संपताना 120 अंश, 75 टक्के. म्हणजे पहिल्या पाच तिथींत पाव, मधल्या पाचांत अर्धा आणि शेवटच्या पाचांत पुन्हा पाव. चतुर्दशी संपताना 168 अंशांवर 99 टक्के चंद्र उजळलेला असतो, तिथे डोळ्याला फरक कळणं कठीण. ओळखायचंच असेल तर कड पाहा: पूर्ण चंद्राची कड सगळीकडून सारखी रेखीव असते, आदल्या दिवशी पूर्वेची कड किंचित मऊ आणि खडबडीत.

दुसऱ्या टोकाला, सूर्यापासूनचा कोन सुमारे 7 अंशांपेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही, हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी दाखवलं. प्रत्यक्षात नुसत्या डोळ्यांना 10 अंशांच्या पुढेच भरवसा ठेवावा.

तेजाचाही हिशेब सरळ नाही. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा तेजस्वी नसतो, साधारण दहावा हिस्साच असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्रावरच्या प्रत्येक खड्याची, दगडाची सावली त्याच्याच मागे लपते. अष्टमीला त्या सगळ्या सावल्या आपल्याला दिसतात.

विवर_दर्शन

वरचा शेवटचा मुद्दा निरीक्षणासाठी फार कामाचा. विवरं दाखवायची असतील तर पौर्णिमा टाळा. 7×50 किंवा 10×50 चा बायनॉक्युलर असेल तर शुद्ध षष्ठी ते दशमी उत्तम, आणि नजर उजेड-अंधाराच्या सीमेवर ठेवा. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमा ताशी सुमारे 15 किमी सरकते, त्यामुळे तासा-दोन तासांनी पाहिलं तर काळोखात एखादं नवं शिखर उजळलेलं सापडतं. चांद्रयान-3 चं उतरणं 23 ऑगस्ट 2023 ला, शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी ठेवलं होतं ते याच सूर्योदयाकडे बघून: उतरण्याच्या जागी सकाळ असली की पुढे सुमारे 14 दिवस सौरऊर्जा मिळते. कलांच्या धड्यात हे उदाहरण चपखल बसतं.

बारीक कोरीच्या दिवशी चंद्राचा उरलेला भाग अंधुक राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला प्रकाश. चंद्रावरून पाहिलं तर आपली कला उलटी असते: इथे अमावास्या, तेव्हा तिथून पृथ्वी पूर्ण. पृथ्वीची तबकडी तिथून क्षेत्रफळाने साडेतेरापट मोठी दिसते आणि ती चंद्रापेक्षा जास्त प्रकाश परतवते. शुद्ध पंचमीनंतर हा उजेड दिसेनासा होतो, कारण पृथ्वीची कला घटते आणि कोरीची चकाकी वाढते.

कलांखेरीज आणखी दोन बदल फोटोतून सहज पकडता येतात. एक आकाराचा. चंद्राचं अंतर ढोबळमानाने 3,56,500 ते 4,06,700 किमी बदलतं, त्यामुळे तबकडी साधारण 29.4 ते 33.5 कला रुंद दिसते (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). फरक सुमारे 14 टक्क्यांचा, डोळ्याला कळत नाही, फोटोला कळतो. क्षितिजावरचा मोठा चंद्र हा मात्र दृष्टिभ्रम; तिथे तो डोक्यावरच्या चंद्रापेक्षा उलट किंचित लहान असतो, कारण तेव्हा आपण त्याच्यापासून जवळपास पृथ्वीच्या एका त्रिज्येने जास्त दूर असतो. दुसरा बदल डुलण्याचा. चंद्र स्वतःभोवती एकसारख्या वेगाने फिरतो, पण कक्षेतला वेग कमी-जास्त होतो आणि त्याचा आस कललेला आहे. म्हणून पूर्व-पश्चिम जवळजवळ 8 अंश आणि उत्तर-दक्षिण जवळजवळ 7 अंश इतकं आपल्याला कडेपलीकडे डोकावता येतं. सगळं मिळून 59 टक्के पृष्ठभाग पृथ्वीवरून दिसतो. उरलेला पहिल्यांदा दिसला तो 1959 मध्ये सोव्हिएत लूना-3 ने काढलेल्या छायाचित्रांत.

फोटोसाठी एकच लेन्स आणि एकच झूम सगळ्या महिन्यांत ठेवा. सेन्सरवर चंद्राचा आकार मिमीत काढायचा तर फोकल लांबीला 110 ने भागा: 400 मिमीला सुमारे 3.6 मिमी. पौर्णिमेला आयएसओ 100, एफ/11 (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि 1/100 सेकंद इथून सुरुवात करा. अष्टमीला त्याच छिद्रावर 1/30 पर्यंत या. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा काळं आकाश मोजतो आणि चंद्र पांढरा भक्क येतो. डुलणं तपासायला मारे क्रिसियम हा कडेजवळचा एकटा, गडद, लांबट गोल डाग निवडा. शुद्ध पक्षात तो तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उजेडात येतो. दर महिन्याच्या फोटोत त्याच्यापासून जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून त्याला चंद्राच्या व्यासाने भागा, म्हणजे तबकडीचा लहान-मोठेपणा आड येणार नाही.